एक शनिवार व्हिटन ओव्हलसाठी : मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या मराठी मंडळींना खुले पत्र

टारनीट, पॉइंट कुक, वेरिबी, फुटस्क्रे आणि आसपासच्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांनो, आणि तमाम आई-बाबांनो,

सप्रेम नमस्कार वि. वि.

मागणी आधीच सांगून टाकतो. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर ठरवाल तेव्हा संक्रांत, पाडवा, गणपती आणि कोजागिरीच्या जोडीला एक शनिवार फुटस्क्रेच्या व्हिटन ओव्हल ह्या फुटबॉल-मैदानासाठी राखून ठेवा. मुलांना घेऊन जायचं, वेस्टर्न बुलडॉग्ज (पूर्वीचा फुटस्क्रे क्लब) ह्यांची फुटीची, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच बघायची, आणि मॅचच्या आधी तासभर ह्या क्लबची गोष्ट त्यांना मराठीतून सांगायची. सांगायला मी येईन, मानधन नको, चहा चालेल.

ह्यावर पहिलं उत्तर काय येणार ते मला पाठ आहे. "फुटी काही आपला खेळ नाही." मुलं शाळेतून विचारत येतात की आपली टीम कुठली, आणि आपण सांगतो, आपली टीम इंडिया. उत्तर चुकीचं नाही. पण विचारणाऱ्या मुलाला शाळेत क्रिकेटबद्दल कोणी विचारलेलं नसतं. मेलबर्नमध्ये "तुझी टीम कुठली" ह्या प्रश्नाचा अर्थ बराचसा "तू कुठला, कुणाचा" असा असतो. त्याला द्यायला आपल्याकडे चांगलं उत्तर आहे, आणि ते आपल्या घरापासून काही स्टेशनांवर आहे.

क्रिकेटवाल्यांना आधी एक गंमत सांगतो. हा खेळ जन्माला आला तोच क्रिकेटच्या सोयीसाठी. टॉम विल्स हा व्हिक्टोरियाचा नावाजलेला क्रिकेटपटू. १८५८च्या जुलैमध्ये त्यानं एका क्रीडा-साप्ताहिकाला पत्र लिहिलं की हिवाळ्यात आपले क्रिकेटपटू नुसते बसून आळसावतात, तर त्यांच्यासाठी फुटबॉलचा क्लब काढा. तो जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा, असंही त्यात होतं. दुसऱ्याच वर्षी नियम लिहून झाले. क्रिकेटचं मैदान हिवाळ्यात रिकामंच असायचं, म्हणून हा खेळ लंबगोल मैदानावर वाढला आणि आजही तिथेच खेळला जातो. बाजूला अठरा खेळाडू, वीस-वीस मिनिटांचे चार डाव (घड्याळ थांबतं, म्हणून प्रत्यक्षात अर्ध्या तासाकडे जातात), टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून लाथेनं चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. एवढं कळलं की पहिली मॅच बघता येते. बाकीचं शेजारी बसलेल्या आजीबाई शिकवतात, न विचारता.

आता फुटस्क्रे. शहराच्या मध्यापासून पाच-सहा किलोमीटरवर, मरिबिर्नॉंग नदीच्या पलीकडे. आपल्या लोकांना हा भाग बार्कली स्ट्रीटवरच्या डोसा आणि बिर्याणीमुळे माहीत आहे. त्याच बार्कली स्ट्रीटवर व्हिटन ओव्हल आहे, जेवणावळींपासून चालत जाण्याच्या अंतरावर. आपण कित्येक जण वर्षानुवर्षं त्या मैदानासमोरून गाडी नेत आलो आहोत, आणि बाहेर उभा असलेला पुतळा कुणाचा ते माहीत नाही. तो टेड व्हिटनचा आहे, त्याच्याकडे येतोच.

हा भाग म्हणजे मेलबर्नचं गिरणगाव. दगडाच्या खाणी, खाटीकखाने, दोरखंडाचे कारखाने, दारूगोळ्याचा कारखाना, टायर, साखरेची रिफायनरी. शहराचा धूर आणि दुर्गंधी नदीच्या ह्या बाजूला आणि पैसा त्या बाजूला, अशी वाटणी होती. लालबाग-परळच्या गल्ल्यांत जशी व्यायामशाळा आणि कबड्डीची मंडळं उभी राहिली, तसा इथे फुटबॉल क्लब उभा राहिला. पाळी संपवून आलेले लोक खेळायचे आणि पाळी संपवून आलेलेच लोक बघायचे.

१८८६पासून हा क्लब व्हीएफए ह्या तेव्हाच्या मुख्य स्पर्धेत होता. १८९६च्या शेवटी त्यातले आठ क्लब फुटून निघाले आणि १८९७पासून त्यांनी स्वतःची लीग चालू केली, व्हीएफएल, म्हणजेच आज देशभर चालणाऱ्या एएफएल ह्या लीगची आई. फुटस्क्रेला कोणी बोलावलं नाही. मागे राहिलेल्या स्पर्धेत फुटस्क्रेनं १८९८, १८९९ आणि १९०० अशी लागोपाठ तीन विजेतेपदं घेतली. तरी बोलावणं नाही. १९२४पर्यंत विजेतेपदांची संख्या नऊ झाली. त्या वर्षी गायिका नेली मेल्बा ह्यांच्या नावानं, युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकांच्या निधीसाठी एक मॅच ठेवली होती, व्हीएफएलचा विजेता एसेंडन विरुद्ध व्हीएफएचा विजेता फुटस्क्रे. फुटस्क्रे २८ गुणांनी जिंकला. १९२५मध्ये हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्नबरोबर त्यांना एकदाचं आत घेतलं. फुटीरांनी दार लावल्यापासून अठ्ठावीस वर्षांनी.

आत आल्यावर काय झालं? फारसं काही नाही. बाद फेरी गाठायलाच १९३८ उजाडलं. मग १९५४.

त्या वर्षी कर्णधार आणि प्रशिक्षक एकच माणूस होता, चार्ली सटन. अंतिम सामना मेलबर्नशी, म्हणजे नदीपलीकडच्या, एमसीजीवाल्या, प्रतिष्ठित क्लबाशी. जॅक कॉलिन्सनं एकट्यानं सात गोल केले. फुटस्क्रे १०२, मेलबर्न ५१, बरोबर दुप्पट. त्या संघात एकवीस वर्षांचा टेड व्हिटन होता. पुढे तो तेविसाव्या वर्षी कर्णधार-प्रशिक्षक झाला, १९७०पर्यंत खेळत राहिला, ३२१ सामने, सगळे एकाच क्लबासाठी. मेलबर्न त्याला "मिस्टर फुटबॉल" म्हणायचं. १९९५मध्ये कर्करोगानं त्याची दृष्टी गेली होती. व्हिक्टोरिया विरुद्ध साऊथ ऑस्ट्रेलिया मॅचच्या आधी त्याला मोटारीतून एमसीजीवर फिरवलं, शेजारी मुलगा बसलेला. ज्यांच्या क्लबांना त्यानं आयुष्यभर सतावलं, ते सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोन महिन्यांनी तो गेला, आणि वेस्टर्न ओव्हलचं नाव व्हिटन ओव्हल झालं.

१९५४नंतर दुसरं विजेतेपद मात्र येईना. १९६१ला अंतिम सामन्यात हॉथॉर्ननं हरवलं. मग दशकांमागून दशकं.

खरी गोष्ट १९८९ची आहे, आणि माझा सगळा आग्रह तिच्यासाठी आहे.

ऐंशीच्या दशकात मेलबर्नचे बरेच क्लब कर्जात होते. खेळाडूंचे पगार वाढले होते, आणि लीगला देशभर पसरायचं होतं. दहा-अकरा क्लब एकाच शहरात ही तिला अडचण वाटत होती. १९८२ला साऊथ मेलबर्नला उचलून सिडनीला नेलं. (त्याच वर्षी मुंबईत गिरण्यांचा संप चालू होता. दोन्हींचा काही संबंध नाही, पण दोन्हीकडच्या कामगार वस्त्यांना एकाच सुमारास कळलं की आपल्या पायाखालची जमीन आपली नाही.) १९८७ला पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले. आणि १९८९च्या ऑक्टोबरमध्ये फुटस्क्रेवाल्यांना बातम्यांतून समजलं की त्यांचा क्लब फिट्झरॉय ह्या मेलबर्नच्याच दुसऱ्या क्लबात विलीन होतोय. नव्या संघाचं नाव "फिट्झरॉय बुलडॉग्ज", घरचं मैदान कार्लटनचं प्रिन्सेस पार्क. लीगचे प्रमुख रॉस ओकली, आणि खुद्द फुटस्क्रेच्या अध्यक्षांनीही ते मान्य केलेलं. सभासदांना कोणी विचारलंच नव्हतं.

लीगचं म्हणणं अगदी बिनबुडाचं होतं असं मी म्हणणार नाही. क्लबाकडे पैसे नव्हते, प्रेक्षक कमी झाले होते, कारखाने बंद पडत चालले होते. हिशेबाच्या वहीत फुटस्क्रे संपलेलाच होता. पण वही कुणाची, हा प्रश्न लोकांनी विचारला.

पीटर गॉर्डन नावाचा पश्चिमेकडचाच एक तरुण वकील पुढे आला. कामगारांचे खटले लढवणाऱ्या कंपनीतला माणूस. एका साध्या महिला समर्थकाच्या नावानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला गेला (व्हिक्टोरियाचं सर्वोच्च न्यायालय, म्हणजे आपल्याकडच्या उच्च न्यायालयासारखं). न्यायालयानं विलीनीकरण थांबवलं आणि थोडी मुदत मिळाली. तेवढ्या दिवसांत पंधरा लाख डॉलर उभे करा, नाहीतर क्लब गेला. वेस्टर्न ओव्हलवर हजारो लोकांची सभा झाली. मग डबे निघाले. रेल्वे स्टेशनांवर, बाजारात, पबमध्ये, दारोदार. ग्रीक, इटालियन, व्हिएतनामी, युगोस्लाव्ह, कोण कुठून आलेले लोक. कित्येकांनी हा खेळ लहानपणी पाहिलेलाही नव्हता. ज्यांची नोकरी जाणार हे ठरलेलं होतं, त्यांनीही नाणी टाकली. तीन आठवड्यांच्या आत पैसे जमले. फुटस्क्रे राहिला, आणि गॉर्डन अध्यक्ष झाले.

वर्गणीचं हे काम आपल्याला कोणी शिकवायला नको. पावतीपुस्तक हातात घेऊन चाळ पालथी घातलेली माणसं आपल्या मंडळांत आजही आहेत. ह्या क्लबाशी आपलं नातं लागतं ते इथे. जन्मानं, वंशानं, खेळाच्या ज्ञानानं तो कुणाचा नाही. ज्यांनी ह्या भागात राहून त्याला आपला म्हटलं, त्यांचा तो झाला. मग आपण अजून पाहुण्यासारखे का वागतो?

फिट्झरॉयचं पुढे काय झालं, तेही मुलांना सांगायला हवं, कारण सगळ्याच गोष्टी नाण्यांच्या डब्यांनी सुटत नाहीत. आठ विजेतेपदं मिळवलेला तो जुना क्लब. १९९४ ते १९९६ ते आपल्या घरच्या मॅच चक्क वेस्टर्न ओव्हलवर खेळले, ज्यांना गिळून ते जगणार होते त्यांच्याच अंगणात भाडेकरू म्हणून. १९९६च्या शेवटी लीगनं त्यांना ब्रिस्बेनमध्ये विलीन केलं. शेवटची मॅच पर्थला झाली, घरापासून देशाच्या दुसऱ्या टोकाला. आज त्यांचा हौशी संघ पुन्हा त्यांच्या जुन्या ब्रन्सविक स्ट्रीटच्या मैदानावर खेळतो. तेही एकदा जाऊन बघण्यासारखं आहे, पण तो दुसऱ्या पत्राचा विषय.

बुलडॉग्जचंही सगळं जुनं टिकलं नाही. १९९७पासून नावातून "फुटस्क्रे" गेलं आणि "वेस्टर्न बुलडॉग्ज" आलं, त्याच वर्षानंतर एएफएलच्या मोठ्या मॅचही व्हिटन ओव्हलवरून हलल्या. जुन्या लोकांना हे अजून सलतं. मला विचाराल तर आपल्यासारख्या टारनीट-पॉइंट कुकवाल्यांसाठी नवं नावच बरं; त्यात आपला पत्ता बसतो. राखीव संघ मात्र अजून "फुटस्क्रे" ह्याच नावानं खेळतो, म्हणजे दोन्ही पक्षांचं समाधान.

त्या काळातली एक छोटी गोष्ट. १९९६ला ख्रिस ग्रँट ह्या त्यांच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला पोर्ट ॲडलेडनं भरपूर पैशांचं आमिष दाखवलं. एका लहान मुलानं ग्रँटला पत्र लिहिलं, जाऊ नकोस, आणि सोबत वीस सेंटचं नाणं पाठवलं. ग्रँट राहिला. पुढच्या वर्षी ब्राउनलो पदकासाठी (लीगमधल्या हंगामाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान) सर्वांत जास्त मतं त्यालाच पडली, पण एका मॅचच्या बंदीमुळे पदक हुकलं. आणि त्याच वर्षी संघ उपांत्य सामना दोन गुणांनी हरला. ह्या क्लबाच्या लोकांना दुःखाची अशी यादी तोंडपाठ असते. १९८५, १९९२, १९९७, १९९८, २००८, २००९, २०१० : सात वेळा अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावरून परत.

आणि मग २०१६. अध्यक्ष पुन्हा तेच पीटर गॉर्डन. संघ सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत आला. सातव्या क्रमांकावरून विजेता तोवर कोणी झालेलं नव्हतं. कर्णधार बॉब मर्फी हंगामाच्या सुरुवातीलाच गुडघा मोडून बसलेला. पर्थला जाऊन वेस्ट कोस्टला हरवलं, लागोपाठ तीन वेळचे विजेते हॉथॉर्न यांना हरवलं, सिडनीत तिथल्या जायंट्स ह्या दुसऱ्या क्लबाला सहा गुणांनी हरवलं. त्या मॅचला लोक मेलबर्नहून गाड्या काढून गेले होते. १ ऑक्टोबरला एमसीजीवर समोर सिडनी, म्हणजे १९८२ला हलवलेलं तेच साऊथ मेलबर्न. ८९-६७. बासष्ट वर्षांनी. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजना पदक मिळालं, त्यांनी मर्फीला व्यासपीठावर बोलावलं, आपल्या गळ्यातलं पदक काढून त्याच्या गळ्यात घातलं. हा व्हिडिओ सहज सापडतो. मुलांना दाखवा, स्वतःही बघा. खेळ कळत नसला तरी चालेल.

मुलींच्या आई-बाबांसाठी वेगळं सांगतो. महिलांची लीग २०१७ला सुरू झाली, बुलडॉग्ज पहिल्या वर्षापासून तिच्यात आहेत, आणि २०१८चं विजेतेपद त्यांचं आहे, ब्रिस्बेनवर सहा गुणांनी. ह्या मॅच व्हिटन ओव्हलवर होतात, ऑगस्टपासून. हिवाळ्यात त्याच मैदानावर राखीव संघाच्या मॅच असतात. पुरुषांच्या मोठ्या मॅच होतात त्या डॉकलँड्सच्या छताखालच्या स्टेडियमपेक्षा माझं मत इथेच. मैदान लहान, खेळाडू हाकेच्या अंतरावर, वारा मात्र जबरदस्त. स्वेटर विसरू नका.

आक्षेप मला माहीत आहेत. डोक्याला मार बसतो, आणि त्याचे परिणाम वर्षांनी दिसतात, हे खरं आहे; लीगवर त्यासाठी खटले चालू आहेत. मुलांना मोठ्या गटात खेळवायचं की नाही हा ज्याचा त्याचा निर्णय, मी आग्रह धरणार नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या ऑसकिकमध्ये मात्र अंगावर पाडापाडी नसते, चेंडू उडवणं आणि धावणंच जास्त. टीव्हीवर सट्ट्याच्या जाहिराती येतात, त्यांचा मलाही राग आहे, आणि मैदानात जाऊन बघण्याचं ते एक कारणच समजा. मद्य असतं, हो. शिवीगाळ क्वचित असते. वंशावरून बोलल्याच्या घटना ह्या खेळात झाल्या आहेत आणि त्या लपवून मुलांना नेऊ नये असं मला वाटतं. त्याबद्दल घरी बोलूनच न्यावं.

आणि क्लबाबद्दलही एक तक्रार. भारतीयांना बोलवायचं म्हणजे वर्षातून एक दिवस ढोल, भांगडा आणि सामोसे, एवढ्यावर कुठल्याही क्लबानं थांबू नये. पण ते थांबू नयेत असं वाटत असेल तर उरलेल्या दिवशी आपण दिसायला हवं. क्लबाच्या फाउंडेशनचे "सन्स ऑफ द वेस्ट" आणि "डॉटर्स ऑफ द वेस्ट" हे आरोग्याचे कार्यक्रम आहेत, पश्चिमेकडच्या प्रौढ लोकांसाठी. मधुमेह आणि रक्तदाब आपल्याकडे घरोघरी आहे. आपले किती काका-मावश्या तिथे जातात, हे प्रत्येक मंडळानं आपल्या यादीत जरा मोजून बघावं.

तेव्हा मागणी पुन्हा, तपशिलासह. पुढच्या कार्यकारिणीच्या बैठकीत हा विषय घ्या. शनिवार निवडताना क्रिकेट स्पर्धेचा आणि ढोल-ताशाच्या सरावाचा दिवस टाळा, नाहीतर पोरं फुटतील. गटाची तिकिटं एकत्र काढली तर एकाच बाजूला बसता येईल. टारनीटवाल्यांनी गाडी न काढता फुटस्क्रेपर्यंत रेल्वेनं यावं, तिथून एक-दोन स्टेशनं किंवा चालत. डबे आणा, मॅचनंतर बार्कली स्ट्रीट आहेच. पुतळ्यापाशी मॅचच्या दीड तास आधी जमू; आजी-आजोबांना बसायला घडीच्या खुर्च्या कुणाकडे असतील तर कळवा, माझ्याकडे चार आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपला,
पश्चिमेचा एक मराठी रहिवासी